‘पोरगी शिकाले धाडली का नाचाले?’

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातले कास्तकार. माझी मुलगी पाचवीपर्यंत गावच्या जिल्हा परिषद शाळेत होती, पहिली-दुसरी यायची. यंदा सहावीला तिला तालुक्याच्या गावी सिस्टर लोकांच्या इंग्रजी शाळेत टाकलं. फी भरायला दोन बकऱ्या विकल्या. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हापासून तिथं रोज काहीतरी चालूच आहे. ग्रीन हाऊस का काय ते मिळालं, मग पंधरा ऑगस्टचा नाच आणि त्याच्या ड्रेसचे ६०० रुपये, मग शिक्षकदिन, हस्ताक्षर स्पर्धा, विज्ञान प्रदर्शनाचं थर्माकोल, आता खो-खोच्या टीममध्ये घेतलं. प्रॅक्टिस असली की साडेचारची एसटी चुकते आणि पोरगी साडेसहाच्या मुक्कामी गाडीनं येते. तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. चाचणीत गणितात २० पैकी ७, इंग्रजीत ५. आमचे हे म्हणतात, “पोरगी शिकाले धाडली का नाचाले?” दिवाळीनंतर परत गावच्या शाळेत आणू म्हणतात. त्यात एक दिवस ती जेवायला बसली अन् हात जोडून, डोळे मिटून इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं, “पोट्टी बाटली” म्हणून. पोरगी घरी काही बोलत नाही, विचारलं तर “बरं आहे” एवढंच. मी सातवी शिकलेली. सगळ्यातून तिचं नाव काढून शिकवणी लावू का? की यांचं ऐकू? – एक आई

उत्तर : ताई, नाव काढू नका. निदान खो-खोतून तर मुळीच नाही. बाकीच्या गोष्टी एकेक करून बघू.

मार्कांपेक्षा मला तुमचं शेवटाकडचं एक वाक्य जास्त खटकलं. घरी ती बोलत नाही. उद्या शाळेतून आली की तिची पाण्याची बाटली उचलून बघा. सकाळी भरून दिली तशीच परत येत असेल, तर निम्मं दुखणं तिथंच सापडेल. अशाच एका शाळेत मी बरीच वर्षं मराठी शिकवलं. जिल्हा परिषदेतून आलेल्या मुली पहिले दोन-चार महिने दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. पाणी प्यालं की बाथरूमला जावं लागतं, आणि जायचं तर अख्ख्या वर्गासमोर उभं राहून ‘मे आय गो टू द टॉयलेट, मिस’ म्हणावं लागतं. एखादा शब्द मागे-पुढे झाला की मागच्या बाकावर खी-खी सुरू. त्यापेक्षा तहान परवडली. मग दुपारनंतर डोकं ठणकतं, फळ्यावर काय चाललंय ते दिसत नाही, आणि सगळ्यांना वाटतं, पोरगी मठ्ठ आहे. तिला हे सरळ विचारा. ते एक वाक्य रात्री चुलीपाशी तिच्याकडून म्हणवून घ्या, तुम्हीही सोबत म्हणा. दोघींना हसू येईल, येऊ द्या. आणि वर्गशिक्षिकेला सांगा की काही दिवस तिला मराठीत विचारायची मुभा द्या. समजूतदार बाई असेल तर तिला यात वावगं काही वाटणार नाही.

आता मार्क. २० पैकी ७ हा आकडा बघून घाबरू नका, पेपर बघा. तपासलेली उत्तरपत्रिका पालकांना दाखवतात, नसेल दाखवली तर मागा. गणिताचा पेपर हातात घेतला की एवढंच बघायचं : नुसत्या आकड्यांची उदाहरणं, म्हणजे बेरीज-गुणाकार, अपूर्णांक, लसावि-मसावि, बरोबर आहेत का, आणि लांबलचक वाक्यात लिहिलेली उदाहरणं कोरी सोडली आहेत का. माझा अंदाज, तुम्हाला नेमकं हेच दिसेल. तसं असेल तर तिचं गणित शाबूत आहे, फक्त प्रश्न तिच्यापर्यंत पोचत नाही. पाचवीपर्यंत पहिली-दुसरी येणारी मुलगी एका उन्हाळ्यात गणित विसरत नसते. यावर शिकवणीचा उपयोग नाही. तालुक्याच्या गावातली शिकवणी म्हणजे त्याच पुस्तकातलं तेच पुन्हा, वर आणखी एक गाडी चुकणार आणि आणखी पैसे जाणार. त्यापेक्षा एक २० रुपयांची वही घ्या. डाव्या बाजूला तिनं मराठी शब्द लिहायचा, उजव्या बाजूला शाळेतला : परिमिती – पेरिमीटर, अपूर्णांक – फ्रॅक्शन, लसावि – एलसीएम, भागाकार – डिव्हिजन. रोज तीन-चार, जास्त नाही. आणि रात्री तिनं तुम्हाला त्या दिवसाचं एक गणित मराठीत समजावून सांगायचं. तुम्ही सातवी शिकलेल्या आहात, सहावीचं गणित तुम्हाला उलगडेल. नाही उलगडलं तर फारच उत्तम, तिला पुन्हा सांगावं लागेल.

इंग्रजीच्या ५ मार्कांबद्दल थोडं यजमानांना वाचून दाखवा. कॅनडातले जिम कमिन्स म्हणून भाषाशिक्षणाचे अभ्यासक आहेत. त्यांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला, तो आजही शिक्षक वापरतात : मुलांना नव्या भाषेत बोलता-चालता यायला साधारण वर्ष-दोन वर्षं पुरतात, पण त्या भाषेतून पुस्तक वाचून, समजून, उत्तर लिहायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. तुमच्या मुलीला झालेत फक्त तीन-साडेतीन महिने. पऱ्हाटीला पात्या धरायच्या आत कोणी कापसाचा हिशेब मांडत नाही, हे यजमानांना मी काय सांगावं!

आणि बोलता येणं येतं कुठून, तर नेमकं त्यांच्या त्या ‘नाचण्या’तून. वर्गात तिला तोंड उघडायची वेळ दिवसातून दोनदा येत असेल, तीही भीत भीत. मैदानावर तसं नाही. खो-खोत नऊ जणी मैदानात, त्यातल्या आठ पाटीवर बसलेल्या. पाठीमागून ‘खो’ आला की उठून सुटायचं, त्याला व्याकरण लागत नाही. बाकीच्या मुली ओरडतात, ‘राइट, राइट’, ‘शी इज आउट’, ‘युअर टर्न’. ते कानावर पडतं आणि अंगात जातं. शिवाय तुमची मुलगी तिथं कुणापेक्षा कमी नाही. गावच्या मातीत पळालेली पोर शहरी पोरींना सहसा सापडत नाही. वर्गात सात मार्कांची असलेली मुलगी मैदानावर टीमला हवीहवीशी वाटते. तिथून मैत्रिणी मिळतात, आणि मैत्रिणी मिळाल्या की डबा एकत्र खाल्ला जातो, गृहपाठ विचारला जातो. पोरगी घरी बोलायला लागायचा रस्ताही मला तोच दिसतो. सगळ्या गोंधळातून नाव काढून तिला वर्गातच बसवलं, तर दिवसभरात ती जिथं शहाणी ठरते अशी एकुलती एक जागा तुम्ही काढून घ्याल.

ते ग्रीन हाऊसही फुकट घालवू नका. अशा शाळांत सगळ्या मुलांचे चार गट करतात, लाल, निळा, हिरवा, पिवळा. सहावीची मुलगी आणि नववीची मुलगी एकाच हाऊसमध्ये येते. स्पर्धांचे गुण हाऊसला मिळतात, म्हणून मोठ्या मुलींना लहानींचं भलं बघावंच लागतं. तिच्या हाऊसची कॅप्टन कोण, आठवी-नववीत आपल्याच बाजूच्या खेड्यातून येणारी कोणी आहे का, विचारा. तशी एखादी मिळाली तर एसटीच्या अर्ध्या तासात ती जे शिकवेल ते शिकवणीत मिळणार नाही. शिवाय येण्या-जाण्याला सोबत.

म्हणजे सगळंच करू द्यावं असंही नाही. पहिल्या सत्रात मिशनच्या शाळांत खरोखरच गर्दी असते. जुलैत विद्यार्थी प्रतिनिधींचा शपथविधी. १५ ऑगस्टला झेंडावंदन, आणि मरियामाता स्वर्गात गेली तो सणही त्याच तारखेला. ५ सप्टेंबरला शिक्षकदिन, मदर तेरेसांचा स्मृतिदिनही तोच. अधूनमधून शाळेचं नाहीतर मुख्याध्यापिका सिस्टरचं नाव ज्या संतावरून ठेवलंय त्या संताचा सण. त्यात आपला पोळा, आणि केजीच्या पोरांचा तान्हा पोळा. दिवाळीनंतर आणखी वाढेल : बालदिन, क्रीडामहोत्सव, स्नेहसंमेलन, नाताळ. शाळेच्या डायरीत पुढच्या पानांवर वर्षाचं कॅलेंडर बहुधा छापलेलं असतं, ते घेऊन बसा आणि तिलाच विचारा, कोणत्या दोन गोष्टी करायच्या. एक खेळ आणि एक दुसरं काही, बस. दुसऱ्यासाठी माझी सूचना मराठी वक्तृत्व किंवा कथाकथन. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे, त्यामुळे मराठीच्या बाई तिथं असणारच, आणि स्टेजवर मराठीत धडधडीत बोलणारी मुलगी त्यांना सहजासहजी मिळत नाही, हे मी अनुभवानं सांगते. थर्माकोलचं प्रदर्शन मात्र खुशाल सोडा. ते मॉडेल बहुतेक ठिकाणी बापच करतो, आणि पोरगं बाजूला उभं राहून पाठ केलेलं म्हणतं.

पैशांचं. ऑगस्टमध्ये कास्तकाराच्या घरात ६०० रुपये काढणं म्हणजे काय, हे केरळहून किंवा झारखंडहून आलेल्या सिस्टरला आपोआप कळेल असं धरू नका. पेरणी, खत, फवारणी, निंदणाची मजुरी, सगळं तोवर वावरात गेलेलं असतं आणि सोयाबीन विकल्याशिवाय हातात पैसा येत नाही. हे लाज न बाळगता सांगायचं. डायरीत मराठीत लिहा : ‘आम्ही शेतकरी आहोत. कार्यक्रमाच्या ड्रेसचा खर्च आत्ता जमणार नाही. शाळेकडे असलेला ड्रेस मिळाला तर मुलगी भाग घेईल.’ आणि खाली सही. अशा शाळांच्या स्टोअररूममध्ये जुन्या ड्रेसचं एक कपाट हमखास असतं. कोळी नाचाची लुगडी, देवदूतांचे पंख, तिरंगी ओढण्या, सगळं त्यात कोंबलेलं. मागणाऱ्याला मिळतं. जे पालक गप्प राहून कर्ज काढतात, त्यांच्यामुळे शाळेला वाटत राहतं की सगळ्यांना परवडतं.

आता गाडी. इथं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, आणि शाळेची चूक. अकरा वर्षांची मुलगी अंधार पडताना तालुक्याच्या स्टँडवर मुक्कामी गाडीची वाट बघत एकटी उभी राहता कामा नये, कितीही मोठी स्पर्धा असो. दिवाळी जवळ येईल तसा दिवस आणखी लवकर मावळेल. हे डायरीत लिहून भागणार नाही, स्वतः जा. जमलं तर दोघं जा, आणि मुख्याध्यापिका सिस्टरला भेटा. सांगायचं एवढंच की साडेचारची गाडी तिला मिळालीच पाहिजे. प्रॅक्टिस शेवटच्या तासाला घ्या, मधल्या सुटीत घ्या, शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर घ्या. ज्या दिवशी थांबवायचं असेल त्याच्या आदल्या दिवशी लेखी कळवा, म्हणजे घरचं कोणीतरी घ्यायला येईल. खेड्यातून येणारी ती एकटीच नसणार. इतर दोन-तीन मुलींच्या आयांना सोबत घेतलं तर आणखी बरं. एकट्या बाईला ‘बघू’ म्हणून वाटेला लावता येतं, चौघी बसल्या की सिस्टर पीटीच्या सरांना बोलावून घेतात.

सासूबाईंचं प्रकरण नाजूक आहे. त्यांना हसू नका. म्हातारं माणूस घाबरतं ते नातीवरच्या मायेपोटी. पोरगी जेवणाआधी जे पुटपुटली ती अन्नासाठी देवाचे आभार मानायची प्रार्थना; शाळेत डबा उघडण्याआधी रोज म्हणतात, तोंडात बसली म्हणून घरी आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी खाण्याआधी श्लोक म्हणायची, तेव्हा कोणी ताट सारलं नव्हतं. तुमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर सासूबाईंना विचारा, तुकडोजी महाराजांच्या त्या प्रार्थनेला बसणाऱ्याला कोणी जात-धर्म विचारतं का? विदर्भात या शाळा काही काल-परवा आल्या नाहीत. नागपूरची सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० ची आहे. आणि आपल्याकडे अशा शाळांतली बहुतेक मुलं ख्रिस्ती घरातली नसतातच.

तरीही तुमचा हक्क तुम्हाला माहीत हवा. राज्यघटनेच्या ३० व्या कलमानं अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढून चालवायचा हक्क आहे, म्हणून तिथं येशूची प्रार्थना होते, मैदानाच्या कोपऱ्यात मरियामातेची गुहा असते. आणि २८ व्या कलमानुसार सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. बहुतेक शाळांत ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो, त्या वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण. तुमच्या शाळेत कसं आहे ते सिस्टरला सरळ विचारा, त्यांना या प्रश्नाची सवय असते. प्रवेशाच्या वेळी ज्या फॉर्मवर सही केलीत त्यात संमतीची एखादी ओळ आहे का, तेही कोणाकडून वाचून घ्या. नको असेल तर तसं लिहून द्या. मुलीला मात्र या भांडणात ओढू नका. तिला एवढं सांगा की शाळेत सगळ्यांबरोबर शांत उभं राहायचं, घरी आजीबरोबर आजीची प्रार्थना म्हणायची. मुलांना दोन घरच्या दोन रीती सांभाळता येतात, गोंधळ मोठ्यांचाच होतो.

यजमानांना काय सांगायचं? त्यांचा राग खोटा नाही. बकऱ्या विकून भरलेली फी आहे, त्याचं काय झालं ते विचारायचा हक्क बापाला आहे. पण दिवाळीनंतर शाळा बदलणं म्हणजे अर्ध्या वर्षात पुन्हा नवी पुस्तकं, आणि ‘हिला तिथं जमलं नाही’ हे गावभर. एप्रिलपर्यंत थांबा. दुसऱ्या सत्रानंतरही मुलगी सकाळी पोट दुखतं म्हणून रडत असेल, डबा तसाच परत येत असेल, मराठी बोलली म्हणून दंड किंवा छडी मिळत असेल, तर बिनदिक्कत परत आणा. गावच्या शाळेत ती पहिली-दुसरी यायची, ती शाळा काही वाईट नव्हती. तिथं परत जाण्यात कमीपणा नाही. मात्र निर्णय तिच्याशी बोलून घ्या, पाठीमागून नको.

खेळाचा उपयोग काय, असं ते विचारतील. सांगा की शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. ही आत्ता १४ वर्षांखालच्या गटात आहे. पुढे खेळत राहिली आणि शाळा राज्य मंडळाची असली, तर वरच्या पातळीवर खेळलेल्यांना दहावीला क्रीडागुण मिळतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलींनी जिंकला, आणि त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. ते गुण आणि ते चषक मात्र मुलीसमोर काढू नका, नाहीतर उद्या खो-खोचीही चाचणी परीक्षा होऊन बसेल.

तालुक्याच्या सामन्यांची तारीख शाळेतून विचारून घ्या. सोंगणीची घाई असेल, मजूर मिळत नसतील, सगळं कबूल. तरी एका सकाळपुरतं यजमानांना तिथं जाता आलं तर बघा, नाही तर तुम्ही जा. आणि कोणी खो-खोसाठी नवे बूट घ्यायला सांगितलं तर आधी पीटीच्या सरांना विचारा. मातीच्या मैदानावर कितीतरी मुली अनवाणीच खेळतात.